व्हेझेर खोरे

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील, इतिहासपूर्वकालीन चित्रगुहा व मध्ययुगीन गावे यांकरिता प्रसिद्ध असलेले नदीखोरे. ते दॉर्दोन्य विभागात मोडते. या प्रदेशाचे जुने नाव पेरीगॉर असून ते आजही लोकांच्या बोलण्यात रूढ आहे. व्हेझेर ही दॉर्दोन्य नदीची उपनदी मध्य फ्रान्समधील मिलव्हाश पठारावर उगम पावते व सु. २१० किमी. वाहत जाऊन लिमय या गावापाशी मुख्य नदीस मिळते. तिच्या खालच्या टप्प्यात, विशेषतः माँतीन्याक व लेझेझी या गावांच्या परिसरात, पुराणाश्मयुगातील १४७ स्थळे आणि २५ चित्रगुहा आढळल्या आहेत. त्यांपैकी १५ स्थळांचा युनेस्कोने १९७९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत अंतर्भाव केला. इतक्या लहान प्रदेशात मानवी वस्तीचा एवढा दीर्घ पुरावा जगात फार थोड्या ठिकाणी मिळतो. साहजिकच एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांचा व विसाव्या शतकापासून प्रवाशांचा ओघ येथे सुरू झाला. पाहणाऱ्याच्या नुसत्या उपस्थितीनेही पाहण्याची वस्तू नष्ट होऊ लागते, ही गोष्ट याच खोऱ्यात प्रथम ठळकपणे ध्यानात आली. त्यामुळे मूळ स्वरूपात काय दाखवावे, प्रतिकृतीत काय दाखवावे आणि काय मुळीच दाखवू नये, यासंबंधीचे संकेतही बव्हंशी येथेच घडत गेले.

गुहा म्हटले, की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम अजिंठा-वेरूळची लेणी उभी राहतात. व्हेझेर खोऱ्यातील गुहा त्यांहून मूलतः वेगळ्या आहेत. लेणी ही मानवाने बेसाल्ट खडकात योजनापूर्वक खोदलेली वास्तू होय. येथील गुहा मात्र भूमिगत पाण्याने चुनखडक विरघळून निसर्गतः तयार झाल्या आहेत. अजिंठ्यास खडकावर माती व चुना यांचा लेप देऊन त्यावर चित्रे काढलेली आहेत. येथे कोणताही लेप नाही. गुहेची ओबडधोबड भिंत हाच चित्रफलक, आणि तिच्यावरील फुगवटे व खळगे यांचाच उपयोग करून चित्रकाराने प्राण्याच्या खांद्याला वा पोटाला उठाव दिला आहे.

भूरचना व वस्ती : व्हेझेर नदीने चुनखडकाच्या पठारात खोल दरी कोरली असून दोन्ही काठांवर उंच, पिवळसर करडे कडे उभे आहेत. हिमयुगात खडकांतील भेगांत पाणी गोठून व वितळून कड्यांच्या पायथ्याचा मऊ थर झिजत गेला आणि वर छज्जासारखा पुढे आलेला कठीण थर शिल्लक राहिला. अशा रीतीने लांबच लांब शैलाश्रय निर्माण झाले. त्यांतील दक्षिणाभिमुख आश्रयांत हिवाळ्यातही ऊन येई. जवळच गारगोटीचा दगड मुबलक मिळे आणि नदीच्या उतारांवर रेनडिअरचे कळप शिकारीस सापडत. आदिमानव काळोख्या गुहेत राहत असे, ही समजूत सर्वत्र दृढ असली, तरी ती येथील पुराव्यास धरून नाही. चुली, हाडे, दगडी हत्यारे यांचे थर सापडतात ते उजेडातील शैलाश्रयांत व गुहांच्या तोंडाशी. अंतर्भागात लोक जात ते थोड्या वेळापुरते, दिवे घेऊन, बहुधा चित्रे काढण्यासाठी किंवा त्यांच्याशी निगडित अशा कोणत्या तरी विधीसाठी. तो विधी नेमका काय होता, याविषयी शिकारजादू, कुलचिन्हे, ऋतुचक्र इ. अनेक उपपत्ती मांडण्यात आल्या. सर्वमान्य अशी एकही झालेली नाही.

शोधाचा इतिहास : एद्वार लार्ते हा फ्रेंच पुराजीववैज्ञानिक व हेन्री ख्रिस्ती हा त्याचा इंग्रज सहकारी यांनी १८६३ मध्ये या खोऱ्यात पद्धतशीर उत्खननास आरंभ केला. पुढच्याच वर्षी ला मादलेन येथे मॅमथच्या सुळ्याचा एक तुकडा सापडला. त्यावर मॅमथचेच चित्र कोरलेले होते. नामशेष झालेला प्राणी पाहिलेल्या माणसानेच ते कोरले असले पाहिजे, हे उघड होते. मानवाची प्राचीनता काही हजार वर्षांपलीकडे न्यावयास तयार नसलेल्या विद्वानांना हा पुरावा नाकारता आला नाही. १८६८ मध्ये लेझेझी येथे लोहमार्गासाठी माती काढीत असता क्रो-मॅग्नन या शैलाश्रयात मानवी सांगाडे मिळाले व त्या स्थळाच्या नावानेच तो मानव जगभर ओळखला जाऊ लागला. मूस्टेरियन व मॅग्डेलेनियन या संस्कृतींची नावेही अनुक्रमे ल मूस्तिए व ला मादलेन या येथील दोन लहान ठिकाणांवरून पडली आहेत.

भिंतींवरील चित्रांची प्राचीनता मान्य होण्यास मात्र आणखी काळ जावा लागला. स्पेनमधील अल्तामिरा येथील चित्रे १८७९ मध्ये उजेडात आली, तेव्हा ती कोणा आधुनिक कारागिराची लबाडी ठरविण्यात आली. सप्टेंबर १९०१ मध्ये लेझेझीजवळ काँबारेल व फाँ-द-गोम या दोन गुहांतील चित्रांचा शोध काही दिवसांच्या अंतराने लागला. लुई कापिताँ, आबे आंरी ब्रय व स्थानिक शिक्षक दनी पेरोनी या त्रयीच्या या कामानंतर शंका टिकली नाही. अल्तामिराचा कट्टर विरोधक एमील कार्तेयाक याने १९०२ मध्ये आपली चूक जाहीर लेखाद्वारे कबूल केली.

याच काळात प्राचीन वस्तूंचा व्यापारही फोफावला. ल मूस्तिए येथे ऑटो हाउझर या स्विस व्यापाऱ्यास १९०८ मध्ये मिळालेला नीअँडरथल मानवाचा सांगाडा बर्लिनच्या संग्रहालयास विकला गेला. १९१२ मध्ये आब्री द्यु प्वासाँ या शैलाश्रयाच्या छतावर सु. एक मी. लांबीच्या सामन माशाचे उत्थित शिल्प आढळले. तेही कापून बर्लिनला पाठविण्याचा घाट घातला गेला होता. सरकारने वेळीच हस्तक्षेप केल्याने मासा वाचला. परंतु त्याच्याभोवती चौकटीसारखी खोदलेली खोल चर व छिद्रांच्या खुणा आजही तशाच आहेत. सु. पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा कुशल हात आणि १९१२ मधील अधाशी हात असे दोन्ही येथे एकाच छतावर शेजारी शेजारी दिसतात. फ्रान्समधील ऐतिहासिक वास्तूंच्या संरक्षणाचा मूलभूत कायदा ३१ डिसेंबर १९१३ रोजी झाला. पेरोनी याने १९१८ मध्ये लेझेझीच्या जुन्या किल्ल्यात स्थापिलेले संग्रहालय हे आजच्या राष्ट्रीय इतिहासपूर्वकालीन संग्रहालयाचे मूळ होय. त्याची नवी इमारत २००४ मध्ये खुली झाली. गुहा पाहण्यापूर्वी हे संग्रहालय पाहणे श्रेयस्कर; अन्यथा कालखंडांची नावे कानांवरून नुसती वाहून जातात.

लास्को : माँतीन्याकजवळच्या टेकडीवरील ही गुहा खोऱ्यातील सर्वांत विख्यात. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सचा पाडाव होऊन तीन महिनेही झाले नव्हते. ८ सप्टेंबर १९४० रोजी मार्सेल राव्हीदा या अठरा वर्षांच्या तरुणास टेकडीवर उन्मळलेल्या झाडाखाली एक विवर दिसले. त्याच्या कुत्र्याने ते शोधले, ही कथा पुढे लोकप्रिय झाली. १२ सप्टेंबर रोजी झाक मार्साल, झॉर्झ आन्येल व सीमाँ कोएन्कास या तिघांसह तो आत उतरला. लेआँ लाव्हाल या शाळाशिक्षकास मुलांनी विश्वासात घेतले व त्याच्यामार्फत वार्ता ब्रयपर्यंत गेली. सप्टेंबर संपण्यापूर्वी ब्रयने स्वतः चित्रे पाहून ती अस्सल असल्याचा निर्वाळा दिला आणि डिसेंबरमध्ये गुहेस ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. चौघांपैकी कोएन्कास हा ज्यू कुटुंबातील मुलगा थोड्याच दिवसांत पॅरिसला परतला. त्याच्या आईवडिलांचा आउश्वित्झच्या छळछावणीत अंत झाला. राव्हीदा व मार्साल हे युद्धानंतर याच गुहेत मार्गदर्शक म्हणून काम करू लागले.

गुहेच्या सर्व शाखा मिळून लांबी सु. २३५ मी. आहे व तीत रंगविलेल्या आणि कोरलेल्या सु. दोन हजार आकृती आहेत. प्रवेशाजवळील वृषभ दालनात रानबैलांच्या भव्य आकृती असून त्यांतील सर्वांत मोठा बैल पाच मी.हून अधिक लांब आहे. त्यापुढील अरुंद बोळाच्या भिंती व छत घोडे, गाई, सांबरासारखे मृग यांनी व्यापले आहे. एक घोडा तर खडकाच्या कडेवरून उलटा कोसळताना दाखविला आहे. लाल व पिवळा रंग गेरूपासून, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडांपासून, आणि काळा प्रामुख्याने मँगॅनीजच्या ऑक्साइडापासून केलेला. उंचावरील चित्रांसाठी मचाण बांधले होते, हे भिंतीतील खाचांवरून कळते. वालुकाश्माचा एक सुबक दिवाही सापडला आहे. या लोकांच्या आहारात रेनडिअरचे मांस मुख्य होते, असे हाडांवरून दिसते. चित्रांत मात्र रेनडिअर अवघा एक आहे. जे खाल्ले जाई तेच रंगविले जाई, असे म्हणावयास येथे जागा राहत नाही. एका खोल विवरात पक्ष्याचे डोके असलेला पुरुष, जखमी गवा व गेंडा असे दृश्य असून त्याच्या अर्थाविषयी विपुल लेखन झाले आहे. चित्रांचा काळ पूर्वी सु. १७,००० वर्षांपूर्वीचा मानीत. अलीकडील काही मापनांवरून तो सु. २१,००० वर्षांपर्यंत मागे जातो.

एवढा काळ ही चित्रे टिकली, याचे कारण गुहेचे तोंड मातीच्या व दगडांच्या ढिगाने बंद झाले होते व आतील तापमान आणि आर्द्रता जवळजवळ स्थिर होती. १९४८ मध्ये गुहा लोकांस खुली करताना हा ढीग काढून प्रवेशद्वार रुंद करण्यात आले, पायऱ्या बांधल्या व विजेचे दिवे बसविले. पुढे पर्यटकांची संख्या दिवसास हजारावर गेली. प्रत्येक माणसाच्या शरीरातून उष्णता, श्वासातून बाष्प व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. बाष्प थंड भिंतीवर दवासारखे साचते; त्यात कार्बन डाय-ऑक्साइड विरघळून सौम्य अम्ल तयार होते व ते चुनखडकास खाऊ लागते. विरघळलेला चुना दुसरीकडे पुन्हा साचून चित्रावर पांढुरके कवच चढते. पादत्राणांबरोबर आलेले सूक्ष्म जीव दिव्यांच्या उजेडात वाढू लागतात. १९५५ मध्ये बिघाडाची पहिली चिन्हे दिसली. हवा शुद्ध करण्यासाठी यंत्रणा बसविण्यात आली. तथापि १९६० च्या सुमारास भिंतींवर हिरवे शैवाल व नंतर कॅल्साइटचे पांढरे थर दिसू लागले. फ्रेंच लोक या दोन विकारांस ‘हिरवा रोग’ व ‘पांढरा रोग’ म्हणू लागले. अखेर एप्रिल १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो याने गुहा बंद केली. म्हणजे ज्या चित्रांना सहस्रके काही करू शकली नाहीत, त्यांना पंधरा वर्षांचे पर्यटन पुरे झाले.

बंदीने प्रश्न पूर्णतः सुटला, असे नव्हे. शैवाल आटोक्यात आले. दीर्घकाळ दिवसाकाठी चारपाच अभ्यासकांनाच प्रवेश मिळे. नवी वातानुकूलन यंत्रणा बसविल्यानंतर २००१ मध्ये फ्युझेरियम जातीचे पांढरे कवक झपाट्याने पसरले. त्याच्या निर्मूलनासाठी जमिनीवर कळीचा चुना पसरला, जंतुनाशके वापरली. पुढे काही वर्षांत काळे डाग उमटले. वर्षानुवर्षे वापरलेल्या औषधांनी गुहेतील सूक्ष्म जीवांचा परस्परसमतोल बिघडविला, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. उपायाचाच अपाय होण्याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. अजिंठ्याच्या चित्रांना विसाव्या शतकाच्या विशीत निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ञांनी संरक्षणार्थ लाखेचे रोगण लावले; ते पुढे पिवळे पडून चित्रांवर पडद्यासारखे बसले व काढणे जिकिरीचे ठरले. लास्कोच्या मूळ गुहेत आज देखरेखीसाठीही माणसे मोजक्याच वेळा व मोजकाच वेळ जातात.

प्रतिकृती : मूळ गुहेपासून सु. २०० मी. अंतरावर वृषभ दालन व त्यापुढील बोळ यांची प्रतिकृती १९८३ मध्ये खुली झाली. भिंतीचे प्रत्येक उंचसखल मोजून सिमेंटचे कवच उभारले गेले व मोनीक पेत्राल या चित्रकर्त्रीने अनेक वर्षे खपून, मूळच्यासारखेच खनिज रंग वापरून चित्रे काढली. ही ‘दुसरी लास्को’ होय. देशोदेशी फिरणारे ‘तिसरी लास्को’ हे प्रदर्शन २०१२ मध्ये बॉर्दो येथून निघाले. टेकडीवरील वाहनांची व माणसांची वर्दळही मूळ गुहेस घातक ठरेल, हे पाहून पायथ्याशी नवे केंद्र उभारण्यात आले. डिसेंबर २०१६ मध्ये खुल्या झालेल्या या ‘चौथ्या लास्को’त चित्रित भागाची जवळजवळ संपूर्ण प्रतिकृती आहे. नॉर्वेच्या स्नोहेत्ता या वास्तुसंस्थेने तिचा आराखडा केला.

नक्कल पाहण्यासाठी इतका खर्च व इतका प्रवास का करावा, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो सर्वस्वी खरा नाही. प्रतिकृतीत चित्रांचे परस्परांशी असलेले प्रमाण, छतावरून धावणाऱ्या कळपांची गती आणि रंगांचा मूळ जोम यांचा अनुभव येतो. मूळ गुहेत गर्दीच्या दिवसांत, डोक्यांच्या आडून, तो क्वचितच येत असे. उणीव राहते ती कॅल्साइटच्या स्फटिकांवर हलत्या ज्योतीने उमटणाऱ्या चकाकीची, आणि ज्या भिंतीस त्या माणसाचा हात लागला तीच भिंत समोर असल्याच्या जाणिवेची. ही जाणीव कोणताही कारागीर निर्माण करू शकत नाही. म्हणून प्रतिकृती प्रथम पाहावी व नंतर खोऱ्यातील एखादी लहान मूळ गुहा पाहावी, हा क्रम योग्य होय.

लास्कोच्या धड्याचा परिणाम फ्रान्समध्ये अन्यत्रही झाला. आग्नेय फ्रान्समधील आर्देश विभागात डिसेंबर १९९४ मध्ये सापडलेल्या शोव्हे गुहेतील चित्रे लास्कोपेक्षाही कितीतरी प्राचीन, सु. ३६,००० वर्षांपूर्वीपर्यंतची आहेत; ती गुहा पर्यटकांस एक दिवसही उघडण्यात आली नाही. तिची प्रतिकृती २०१५ मध्ये खुली झाली. मार्सेजवळील कोस्केर गुहेचे तोंड तर समुद्रसपाटीखाली ३७ मी. खोल आहे, चढत्या समुद्राच्या पाण्याने तिच्यातील चित्रे हळूहळू पुसली जात असल्याने २०२२ मध्ये मार्से शहरात तिची प्रतिकृती करण्यात आली.

पाहता येणाऱ्या मूळ गुहा : लेझेझीजवळची फाँ-द-गोम ही बहुरंगी चित्रांची मूळ गुहा अद्याप प्रवाशांस पाहता येते व म्हणूनच तिचे मोल विशेष. युरोपात अशा गुहा आता फारच थोड्या उरल्या आहेत. लहान लहान गटांत व एका दिवसात शंभराहून कमी माणसांनाच आत सोडतात. गुहा अरुंद; भिंतींवर दोनशेहून अधिक आकृती असून त्यांत गवे सर्वाधिक आहेत. समोरासमोर उभ्या रेनडिअरांची जोडी, त्यांतील एक दुसऱ्याचे कपाळ चाटीत आहे, हे येथील सर्वांत हृद्य चित्र. त्याच्या रेषा आता फिकट झाल्या आहेत. मार्गदर्शकाने दिवा तिरपा धरून बोटाने दाखविल्याखेरीज शिंगांचा बाक ध्यानात येत नाही. १९६६ मध्ये सफाई करताना कॅल्साइटच्या थराखाली पाच गव्यांची एक रांग नव्याने प्रकट झाली. चित्रांचा शोध लागण्यापूर्वी येथे गावकऱ्यांची ये-जा असे व त्या काळात कोरलेली नावे काही चित्रांवरून गेलेली आहेत.

काँबारेल गुहेत रंग जवळजवळ नाही; घोडे, मॅमथ, अस्वले, सिंहीण, पाण्याला तोंड लावणारा रेनडिअर अशा सहाशेहून अधिक कोरीव आकृती एकमेकींवर चढलेल्या आहेत. दिव्याची दिशा बदलली, की एक प्राणी लोपतो व दुसरा उमटतो. या गुहेची गोडी घाई करणाऱ्यास लागणार नाही. याउलट रूफीन्याकची गुहा प्रचंड, सु. आठ किमी. लांबीची व तुलनेने कोरडी असल्याने तेथे विजेच्या छोट्या आगगाडीतून प्रवास करता येतो. दीडशेहून अधिक मॅमथ काळ्या रेषांनी रेखाटलेले वा मऊ भिंतीवर कोरलेले आहेत. वाटेत गुहावासी अस्वलांनी शीतनिद्रेसाठी केलेले खळगे व त्यांच्या नखांचे ओरखडे दिसतात. या गुहेतील चित्रांचा उल्लेख १५७५ मधील एका ग्रंथात आला असला, तरी त्यांचे महत्त्व १९५६ मध्येच ओळखले गेले व तेव्हाही त्यांच्या अस्सलपणावरून मोठा वाद माजला.

काप ब्लाँ येथे चित्रे नसून शैलाश्रयाच्या भिंतीवर घोड्यांचा भव्य उत्थित शिल्पपट आहे. १९०९ मध्ये उत्खनन करणाऱ्या मजुरांच्या कुदळींनी त्याची थोडीफार हानी झाली. शिल्पपटाच्या पायथ्याशी पुरलेल्या तरुण स्त्रीचा सांगाडा १९२६ मध्ये शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने विकत घेतला; घोड्यांच्या पायांशी आज आहे ती त्याची प्रतिकृती.

कड्यातील वस्ती व मध्ययुगीन गावे : इतिहासपूर्व काळ संपला, तरी कड्यांच्या कुशीत राहण्याची रीत संपली नाही. ला रॉक सँ-क्रिस्तॉफ येथे सु. एक किमी. लांब व ८० मी. उंच अशा कड्याच्या पाच मजली कपारींत मध्ययुगात एक संपूर्ण तटबंदीचे गाव वसले होते. धर्मयुद्धांच्या धामधुमीत १५८८ मध्ये ते पाडून टाकण्यात आले. तुळयांच्या खाचा, पन्हळी, चुलवणे एवढेच उरले आहे. ला मादलेन येथेही इतिहासपूर्व वस्तीच्या वरच्या अंगास असेच गाव होते. नदीच्या वळणावरील सँ-लेआँ-स्यूर-व्हेझेर येथील रोमनेस्क शैलीचे चर्च व दगडी पाख्यांची घरे विशेष प्रेक्षणीय आहेत. ‘लोझ’ नावाच्या चुनखडकाच्या जाड लाद्या एकीवर एक रचून केलेली ही छपरे अतिशय जड असतात. ती पेलण्यासाठी चढाव तीव्र व खाली ओकच्या तुळयांचा दाट सांगाडा लागतो. असे छप्पर घालणारे कारागीर आता थोडे असल्याने दुरुस्ती अत्यंत खर्चाची झाली आहे.

लिमयच्या संगमापासून दॉर्दोन्य नदीच्या काठाने वर गेल्यास किल्ल्यांचा प्रदेश लागतो. शतवार्षिक युद्धात (१३३७–१४५३) बेनाक व कास्तेलनो हे समोरासमोरचे किल्ले दीर्घकाळ परस्परविरोधी पक्षांकडे, पहिला फ्रेंचांकडे व दुसरा इंग्रजांकडे होता. कास्तेलनोमध्ये १९८५ पासून मध्ययुगीन युद्धसाधनांचे संग्रहालय आहे. या दोहोंच्या नजीकचे ला रॉक-गाझाक हे गाव कडा व नदी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत वसले आहे. छायाचित्रांत मनोहर दिसणारा हा कडा निर्धोक नाही. जानेवारी १९५७ मध्ये त्याचा मोठा भाग कोसळून घरे गाडली गेली व तीन माणसे दगावली.

दोम हे टेकडीवरील तटबंदीचे नगर फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप याने १२८१ मध्ये वसविले. अशा आखीव नवनगरांस ‘बास्तीद’ म्हणतात. त्याच्या दुहेरी बुरुजांच्या वेशीत टेंपलर पंथाच्या सरदारांना १३०७ पासून कैदेत ठेविले होते. त्यांनी भिंतींवर कोरलेले क्रूस व धार्मिक दृश्ये अद्याप आहेत. दक्षिणेकडील माँपाझिए हे नगर इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्यासाठी १२८४ च्या सुमारास आखले गेले. सु. ४०० मी. लांब व २२० मी. रुंद अशा आयतात काटकोनी रस्ते, मध्ये कमानींच्या ओवऱ्यांनी वेढलेला चौक व लाकडी बाजारमंडप ही मूळ आखणी तेथे आजही जवळजवळ अभंग आहे. अशी गावे टिकावीत व त्यांत वस्ती राहावी, या हेतूने ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे’ ही संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली. दोन हजारांपेक्षा अधिक लोकसंख्या नसणे व निदान दोन संरक्षित वास्तू वा स्थळे असणे, या तिच्या प्रमुख अटी होत. वर उल्लेखिलेली बरीच गावे तिची सदस्य आहेत.

सार्ला : दोन्ही खोऱ्यांच्या मधल्या भागातील मुख्य नगर. बेनेडिक्टीन मठाभोवती ते वाढले व १३१७ मध्ये बिशपचे पीठ झाले. माँतेन्याचा मित्र व राजकीय विचारवंत एत्येन द ला बोएसी याचा जन्म येथे १५३० मध्ये झाला. कॅथीड्रलसमोरील त्याच्या घराची नक्षीदार दर्शनी भिंत प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात एक सरळ रस्ता काढून जुन्या नगराचे दोन तुकडे करण्यात आले. लोहमार्ग व उद्योगधंदे यांनी पाठ फिरविल्याने पुढे गाव मागासले आणि विसाव्या शतकाच्या मध्यास त्याची जुनी घरे मोडकळीस आली. मात्र या दारिद्र्यामुळेच ती पाडून नवी बांधली गेली नाहीत. ज्या मालरोने लास्कोचे दार लावले, त्याच्याच पुढाकाराने ४ ऑगस्ट १९६२ चा कायदा झाला. तोवर एकेका वास्तूस संरक्षण मिळे. या कायद्याने सबंध जुना मोहल्ला संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित करता येऊ लागला व घरमालकांस दुरुस्तीसाठी साहाय्य आणि करसवलत मिळू लागली. सार्ला हे या कायद्याखाली प्रथम हाती घेतलेल्या नगरांपैकी एक असून तेथील काम १९६४ मध्ये सुरू झाले. सिमेंटचा गिलावा खरवडून मधाच्या रंगाचा दगड उघडा केला, तारा भूमिगत केल्या, छपरे पूर्ववत केली.

आज दिसणारे सार्ला हे अशा रीतीने मध्ययुगाइतकेच या पुनरुद्धाराचेही अपत्य होय. त्यातील प्रत्येक घर कोणत्याही एका वर्षी असेच दिसत होते, असे म्हणता येत नाही. घरे वाचली, पण त्यांतील वाणी, लोहार, शिंपी यांची जागा उपाहारगृहांनी व भेटवस्तूंच्या दुकानांनी घेतली. उन्हाळ्यात रस्त्यातून चालता येत नाही आणि हिवाळ्यात कित्येक दारे बंद असतात. तरीही पाडापाडीशी तुलना करता हा व्यवहार नगराच्या फायद्याचा झाला, यात शंका नाही. मोडकळीस आलेल्या सेंट-मारी चर्चमध्ये झाँ नूव्हेल या वास्तुविशारदाने २००१ मध्ये छपराखालचा बाजार वसविला व त्यास अतिशय उंच पोलादी दारे बसविली. त्याचे बालपण याच गावी गेले होते. बुधवारी व शनिवारी भरणाऱ्या बाजारात अक्रोड, बदकाच्या चरबीत मुरविलेले मांस, हंसाच्या यकृताचे पदार्थ, चीज व हिवाळ्यात ट्रफल हे काळे भूमिगत कवक विकावयास येते.

प्रवास : बॉर्दो हे सर्वांत जवळचे मोठे शहर असून तेथून पेरीग व सार्ला येथे आगगाडीने जाता येते, लेझेझी हे पेरीगहून दक्षिणेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्थानक आहे. गुहा व गावे विखुरलेली असल्याने स्वतंत्र वाहन सोयीचे पडते. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी अतोनात. मे, जून व सप्टेंबर हे महिने उत्तम. फाँ-द-गोम व काँबारेल यांची प्रवेशपत्रे अगोदर राखून ठेवल्याशिवाय दूरवरून येणे व्यर्थ ठरण्याचा संभव असतो. आत बाराही महिने गारवा असल्याने भर उन्हाळ्यातही लोकरी कपडा लागतो. गुहांत छायाचित्रे घेण्यास मनाई असून भिंतीस स्पर्श करता येत नाही. अरुंद जागी मार्गदर्शक पाठीवरची पिशवीसुद्धा बाहेर ठेवावयास सांगतात.